पालथ्या पडून बघणाऱ्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंगणवाडीच्या फरशीवर पालथ्या पडल्या होत्या. हनुवटी जमिनीला टेकलेली, पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि समोर वीतभर अंतरावर सात महिन्यांचं एक बाळ. बाळाच्या हातात डब्याचं झाकण होतं.

मी दारात उभी होते. मोताळा तालुक्यातल्या पंचवीस अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता आणि ही माझी पहिली अचानक भेट होती. मॅडम आल्या की सेविका दचकतात, साडी सारखी करतात, खुर्ची पुसून देतात, असं मला ऑफिसात सांगितलं होतं. या बाईंनी मान न वळवता फक्त एक बोट वर केलं.

"दोन मिनिटं थांबा मॅडम. काम चालू आहे."

"कसलं काम?"

बोट ओठांवर गेलं. मी गप्प झाले. का झाले ते आजही सांगता येत नाही. बाळानं झाकण तोंडात घातलं, बाहेर काढलं, निरखून पाहिलं. मग त्याचा दुसरा हात, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, हळूच वर आला आणि त्यानं झाकणाची कड पकडली. दोन्ही हात ओढू लागले. कोणीच सोडेना. बाळ लालबुंद झालं. आणि मग उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. झाकण डाव्या हातात गेलं. बाळ थक्क होऊन आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिलं.

बाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. "सुटलं," त्या म्हणाल्या. "चार दिवसांपासून वढत बसते बिचारं. धरणं तर पोटातूनच शिकून येते मॅडम. सोडणं शिका लागते."

मग त्या उठल्या, साडी झटकली, माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा. रजिस्टरं मांगे आहेत माहे. आधीच सांगते."

माझी पदवी बालविकासाची. कितव्या महिन्यात मान सावरते, कधी बसतं, कधी रांगतं, याचा सगळा तक्ता मला तोंडपाठ होता. घरी माझी स्वतःची मुलगी रेवा सहा महिन्यांची होती. सकाळी तिला सासूबाईंच्या हातात देऊन मी बुलढाण्याहून बसनं घाट उतरत असे. पण एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात जाण्याला चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांत इतकी झटापट असते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. रेवानंही ते केलंच असणार. मी बसमध्ये असेन तेव्हा.

बाईंचं गाव मोताळ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आत. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी आणि सोयाबीन, मध्ये अरुंद रस्ता. बाई गावातल्या बौद्ध वस्तीत राहत. नवरा गवंडी, दोन मुलं मोठी होऊन कामाला लागलेली. पंचवीसेक वर्षं त्या सेविका होत्या, आणि गावानं त्यांना कधीच येडी ठरवून टाकलं होतं. त्यांना स्वतःला ते ठाऊक होतं. त्यांची त्याला हरकत नव्हती.

येडी म्हणायला कारणंही होती. एकदा मी गावात शिरले तर बाई भर दुपारी गल्लीतून चोरपावलांनी चालल्या होत्या. त्यांच्या पुढे दहा पावलांवर दोन वर्षांची एक पोरगी. पोरगी बकरीपाशी थांबली की बाई थांबत. पोरगी नालीपाशी बसली, तिनं एक खडा नालीत टाकला, हात घालून काढला, परत टाकला. मी ओट्यावर बसून मोजत होते. सतरा वेळा. हात चिखलानं माखले तेव्हा मला राहवलं नाही.

"बाई, उचला ना तिला. घरी सोडायचंय ना?"

"घरी सोडाचंच आहे. धुईन मंग हात," बाई कुजबुजल्या. "पण पाहा ना, दर डावाले थांबून आयकते ती. टाकला की डुबुक होते का नाही, ते पाहून राह्यली. अजून भरवसा नाही बसला तिचा."

अठराव्या खड्यानंतर पोरगी उठली आणि सरळ घराकडे चालू लागली. बाई मागे वळून माझ्याकडे अशा हसल्या, जणू त्या पोरीनं परीक्षा पास केली होती.

दुसरं कारण त्यांचा हट्ट. अंगणवाडीच्या दाराला उंच उंबरठा होता. पोरांनी तो आपला आपण ओलांडायचा, कोणी उचलून टाकायचं नाही, असा बाईंचा नियम. एकदा मी आमच्या वरिष्ठ साहेबांना घेऊन गेले. साहेब जीपमधून उतरले आणि दारापर्यंत आले, तर बाई आडव्या उभ्या. उंबरठ्यावर सव्वा वर्षाचं एक पोर पोटावर लोंबकळत होतं. एक पाय आत, एक बाहेर.

"साहेब, त्याले पलीकडं जाऊ द्या. मंग तुमी या."

चैत्राचं ऊन होतं. मला घाम फुटला, आणि तो उन्हानं नव्हता. मी पुढे होऊन पोराला उचलणार, तेवढ्यात साहेबांनीच हात केला. ते खाली उकिडवे बसले. पोरानं पाय खाली सोडून चाचपून पाहिलं, जमीन लागली नाही, पाय परत वर घेतला. मग ते पूर्ण वळलं, तोंड आमच्याकडे आणि पाठ आतल्या बाजूला, आणि घसरत घसरत आत उतरलं. उभं राहिलं. टाळी वाजवली, स्वतःसाठीच.

"उलटं उतरायचं हे कोणी शिकवलं त्याला?" साहेबांनी विचारलं.

"कोणीच नाही साहेब. कालच्याला तोंडावर पडलं होतं. आज इचार करून आलं."

साहेबांनी त्या दिवशी रजिस्टरं मागितली नाहीत. घाट चढताना जीपमध्ये ते एकदम म्हणाले, "मला तीन मुलं आहेत. यातलं मी काहीही पाहिलेलं नाही."

बाईंची सरकारी रजिस्टरं मागे असत, पण वजन-उंची चोख. त्यात हयगय नाही. राहिलेल्या वेळात मोबाइलमध्ये माहिती भरायची, तर त्या ती भरत नसत, आणि त्याबद्दल मी त्यांना तीनदा तोंडी समज दिली होती. त्यांची स्वतःची एक वेगळीच वही चालू असे. आठवडी बाजारातून आणलेली लांबट वही, आणि तिच्यात गावातल्या एकेका पोराचं काहीबाही लिहिलेलं. ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा चूक काढायला उघडली होती.

एका पानावर होतं, "आज आरशातल्या पोराले बिस्कीट दिलं. त्यानं घेतलं नाही म्हणून रडला." दुसऱ्या पानावर, "आजीच्या चपला घालून आजीसारखी खोकली." खाली, "आज पहिल्यांदा 'माहं' म्हणली. दिवसभर सगळ्या गावाले माहं म्हणत फिरली. म्हशीलेबी." आणि एका पानावर एवढंच, "मेलेल्या मुंगीले पाणी पाजलं."

मी त्या वहीची बारा पानं वाचली आणि नंतर तपासणीचा फॉर्म तसाच कोरा घेऊन परत आले.

एका सकाळी अंगणवाडीत गोंधळ चालला होता. साडेतीन वर्षांच्या गणेशनं डब्यातला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता. तोंडाला अजून कण चिकटलेले. आईनं विचारलं तर म्हणाला, "म्या नाही खाल्ला. मांजरीनं खाल्ला." आईनं हात उगारला. बाईंनी तो हवेतच धरला.

"मारू नको वो! काय म्हणला तो? परत म्हण बरं बाळा."

"मांजरीनं खाल्ला."

बाईंचा चेहरा उजळला. मी अतिशयोक्ती करत नाही. त्या गणेशच्या आईला म्हणाल्या, "तुले समजलं का काय झालं ते? आजपावेतो या पोराले वाटे, त्याच्या डोक्यातलं सगळं तुले दिसते. आज त्याले समजलं, नाही दिसत. त्याच्या डोक्यात काय आहे ते त्याच्यापाशीच आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही!"

"पण खोटं बोलला ना बाई तो!"

"हाव, बोलला. खोटं बोलू नाही हे उद्यापासून शिकवजो, मी बी शिकवते. आज साखर वाट."

आणि त्यांनी खरंच डब्यातली साखर काढून सगळ्या पोरांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. गणेशच्याही. आई रागावू की हसू अशी उभी. एका लहान डोक्यात त्या सकाळी, सगळ्यांच्या देखत, एक दार आतून लागलं होतं आणि ते लागताना ऐकणारं माणूस तिथे एकच होतं.

मी त्यांना विचारलं होतं, हे सगळं कुठं शिकलात.

"म्हशीपाशी," त्या म्हणाल्या. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या सांगत गेल्या. सातवीत शाळा सुटली आणि त्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या म्हशी राखायला लागल्या. एक म्हैस आजारी पडली, तर मालक म्हणाला, तू दिवसभर तिच्यासंगं असतं, तुले कसं समजलं नाही? "म्हैस काही सांगत नाही ना मॅडम. मंग मी पाहाले लागली. कान कसे धरते, खूर कसा ठेवते, रवंथ करता करता मधीच काऊन थांबते. पाहता पाहता गोडी लागली. लग्न झाल्यावर दहावी केली, हे काम भेटलं. इथं आली तं पाहते काय, इथंबी कोणीच काही सांगत नाही. सगळं पाहाच लागते."

आता मला जे सांगायचं आहे त्यात माझी शोभा नाही. पण बाईंबद्दल लिहायचं आणि ते गाळायचं, असं होणार नाही.

रेवा साडेदहा महिन्यांची होती. सासूबाई लग्नासाठी धाड गावाला गेल्या होत्या, नवऱ्याच्या कॉलेजात परीक्षा. म्हणून मी तिला सोबत घेऊन ऑफिसच्या जीपनं निघाले. पहिल्या भेटीला बाईंचंच गाव. मला रेवा त्यांना दाखवायची होती, हेही खरं. आमची रेवा फार शहाणी म्हणून नातलगांत प्रसिद्ध होती. रडणं नाही, किरकिर नाही. दिवाळीत खिडकीखाली फटाके फुटले तरी तिची झोप मोडली नव्हती. याचं आम्हाला कौतुक होतं.

बाईंनी तिला सतरंजीवर बसवलं आणि स्वतः पालथ्या पडल्या. "डोळे काय तेज आहेत हो पोरीचे!" त्या म्हणाल्या. रेवा त्यांच्या चष्म्याकडे झेपावली. दोघी हसल्या. मी रजिस्टर उघडून बसले.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बाई गप्प झाल्यात. त्या रेवाच्या मागे जाऊन बसल्या होत्या. हातात वाटी-चमचा. त्यांनी चमचा वाटीवर वाजवला. सतरंजीवरच्या चार पोरांच्या माना वळल्या. रेवा ठोकळा चाटत राहिली.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "पाचव्या-सहाव्या महिन्यात आवाज काढत होती का ही? आ, ऊ, असे?"

"हो, खूप."

"मंग ते वाढाले पाहिजे. बा-बा-बा, दा-दा-दा. हिचं वाढलं का कमी झालं?"

कमी झालं होतं. मला ते माहीत होतं आणि मी त्याला शांत स्वभाव असं नाव दिलं होतं. "तिचे बाबाही उशिराच बोलले," मी म्हटलं.

"हाव, असन तसंबी," बाई म्हणाल्या. पण त्यांनी परत वाटी वाजवली, डाव्या बाजूनं. मग उजव्या. त्यांची मदतनीस मंदाताई स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून बघत होती. ती मदत करावी म्हणून पुढे आली आणि तिनं एक ताट फरशीवर आपटलं. रेवानं झटकन मान वळवली.

"बघा!" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते फरशीवर आपटलं ना," बाई हळूच म्हणाल्या. "फरशी हादरली. लेकरू ढुंगणानंबी आयकते मॅडम. हवेतलं आयकाले पाहिजे." आणि त्या परत रेवाच्या मागे बसल्या, आपली सावली तिच्यावर पडणार नाही अशा बेतानं सरकून, आणि तिला नावानं हाका मारल्या. चार वेळा. माझी मुलगी ठोकळा चाटत राहिली.

"बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?" माझा आवाज चढला होता.

"नाही मॅडम."

"मग?"

"मंग काही नाही. दिसलं ते सांगतलं."

मी रेवाला उचललं आणि निघाले. पुढच्या अंगणवाडीत गेले नाही. जीपवाल्यानं दोनदा विचारलं, मॅडम तब्येत बरी नाही का.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी बाईंकडून लेखी खुलासा मागवला. तीन महिन्यांची रजिस्टरं अपूर्ण का, याबद्दल. माझ्या हाताखालच्या निम्म्या सेविकांची रजिस्टरं अपूर्ण होती. खुलासा मी एकीकडूनच मागवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. रेघांचा कागद, वर नीट 'प्रति' आणि 'विषय' घातलेला. खाली लिहिलं होतं: "महोदया, रजिस्टर मागे आहेत हे खरं आहे. महिन्याअखेरीस पूर्ण करते. पोरीचे कान दाखवून घ्या. उशीर करू नका. आपली विश्वासू." आणि सही.

तो कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी घरी आले. सासूबाईंनी कुकर लावला होता. रेवा स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याकडे पाठ करून वाटीवर चमचा आपटत बसली होती. मी दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा, काही न करता, फक्त पाहिलं. कुकरची पहिली शिट्टी झाली. मी दचकले. खिडकीतली चिमणी उडाली. रेवा चमचा आपटत होती. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. तिच्या पाठीवर, मानेवर, कुठेही काहीही हललं नाही. रोज संध्याकाळी हा कुकर होत होता. रोज मी याच दारातून आत येत होते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिला संभाजीनगरला नेलं. झोपेचं औषध देऊन, डोक्याला वायरी लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. काहीच नाही असं नव्हतं, पण फार कमी. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही लवकर आणलंत. पुष्कळ जण दोन-अडीच वर्षांचं झाल्यावर आणतात, अजून बोलत कसं नाही म्हणून. आता यंत्रं लावली तर हिची भाषा वेळेवर सुरू करता येईल. कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या एका बाईंच्या," मी म्हटलं आणि तिथे मला रडू फुटलं.

बाईंकडे जायला मला पंधरा दिवस लागले. गेले तेव्हा त्या एका पोराचं नाक पुसत होत्या. मी सगळं बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, "बाई, तुमचं खरं निघालं."

त्या मटकन खाली बसल्या. "खोटं निघाले पाहिजे होतं वो माय," त्या म्हणाल्या. "मी तं रोज तेच म्हणून राह्यली होती, की माहं खोटं निघू दे."

त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं नव्हतं, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. निघताना मी म्हटलं, "तो खुलासा मी फाडून टाकते."

"काऊन?" त्या म्हणाल्या. "रजिस्टर तं मांगेच होते."

रेवाला यंत्रं मिळाली त्या रविवारपासून बाई आमच्या घरी यायला लागल्या. मी बोलावलं नव्हतं. बसनं घाट चढून यायच्या, दोन तास बसायच्या, परत जायच्या. पहिल्या रविवारी सासूबाईंनी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला. बाईंच्या नजरेतून ते सुटलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. चहा पिऊन त्यांनी कप स्वतः विसळून ठेवला. त्याच संध्याकाळी तो कप मी घराबाहेर काढला आणि त्यावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

यंत्रं लावल्यावर मुलगी लगेच दचकेल, हसेल, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. ती यंत्रं उपटून फेकत होती. एक आठवडा, दोन आठवडे. मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "तिच्या डोक्यात एकदम बाजार भरला आहे. कोणाचा आवाज कोणता, तिले अजून मालूम नाही. थांबा."

तिसऱ्या रविवारी रेवा फरशीवर बसून वाटीवर चमचा आपटत होती. हे ती कित्येक महिने करत आलेली. तिला हात हलवण्याची मजा वाटत होती, धक्का हाताला लागायचा त्याची मजा. यंत्रं कानात होती, त्या दिवशी काढली नव्हती. बाई समोर पालथ्या. सासूबाई गहू निवडत होत्या. रेवानं चमचा आपटला.

आणि थांबली.

तिनं चमच्याकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. परत आपटला, हळू. परत थांबली. मग चमचा ठेवून तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि आत बघितलं. आत काही नव्हतं. तिनं वाटीत हात घालून चाचपलं. खालून पाहिलं. पुन्हा वाटी जमिनीवर ठेवली आणि चमचा मारला, जोरात, आणि मग तिचा चेहरा जो झाला तो मला लिहिता येणार नाही. इतके दिवस मुकी असलेली वस्तू तिच्याशी बोलली होती.

मी पुढे होणार होते, तिला कवटाळणार होते. बाईंनी डोळ्यांनी मला थांबवलं. सासूबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं, गहू पसरले होते आणि त्यांनी बाईंचा दंड घट्ट धरून ठेवला होता. बहुधा त्यांना ते कळलंही नव्हतं. आम्ही तिघी श्वास रोखून बसून होतो. रेवानं वाटी वाजवली, मग फरशी वाजवली, मग पाटा, मग स्वतःचं गुडघ्यावरचं हाड. घरातल्या एकेका वस्तूला विचारत ती पुढे पुढे रांगत गेली, आणि तिच्या मागे, दहा पावलांचं अंतर ठेवून, साठीला आलेली ती बाई गुडघ्यांवर.

बाई त्या दिवशी एवढंच बोलल्या. निघताना, चपला घालताना. "आता 'आई' म्हणाले घाई नका करू. आधी तिले सारं घर आयकू द्या."

घाई मी केली, अर्थात. कोण आई करणार नाही. पण बोलायला शिकवणाऱ्या ताई होत्या, बाईंचे रविवार होते, आणि रेवा होती, जिला एकदा कळलं की वस्तूंना आवाज असतात, ती मग कशालाच गप्प राहू देईना. दोन वर्षांची व्हायच्या आधी ती 'आई' म्हणाली. त्याआधी कुत्र्याला 'भू' म्हणाली होती, आणि 'वाटी'ला 'टी'.

पुढे माझी बदली झाली, दुसरबीडच्या बाजूला. तिथल्या अंगणवाड्यांत मी जायचे तेव्हा खुर्ची पुसली जायची, मी तिच्यावर बसायचे नाही. खाली बसायचे. एकदा एक नवीन सेविका दचकून म्हणाली, मॅडम साडी खराब होईल. पालथं पडायची हिंमत मात्र मला अजून झालेली नाही.

बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. गेल्या उन्हाळ्यात रेवाला घेऊन त्यांच्याकडे गेले. रेवा आता सात वर्षांची आहे. कानांत यंत्रं आहेत, 'स' आणि 'श' कधी कधी घसरतात, पण बोलते अखंड आणि मोठ्यानं. बाई अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसल्या होत्या. गुडघे गेलेत, वाकता येत नाही. घरात बुद्धाच्या चित्राखाली त्यांच्या वह्यांची चळत होती.

रेवा त्यांना आजी म्हणते. बाजेच्या कडेला टेकून तिनं एकदम विचारलं, "आजी, मला ऐकू येत नाही हे तुम्हाला कसं कळलं? आईला पण कळलं नव्हतं."

मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "तूनंच सांगतलं मले."

"मी? मला तर बोलताच येत नव्हतं!"

"हाव. म्हणून तं ध्यान देऊन आयकलं."

रेवा विचारात पडली. तिनं बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत बाईंकडे. चप्पल काढून ती बाजेवर चढली आणि मांडी घालून त्यांच्या पुढ्यात बसली.

"मग अजून काय काय सांगितलं होतं मी?"